पाठीशी भिंत

पनागरकडून मटाराच्या गाड्या यायला लागल्या की माझ्या लेखी जबलपूरचा हिवाळा सुरू होतो. कॅलेंडर काय म्हणतं त्याच्याशी मला घेणंदेणं नाही. नाक्यानाक्यावर हिरवे ढीग लागतात, गल्लीतल्या गाई टरफलांवर ताव मारतात आणि विजय नगरातल्या प्रत्येक गच्चीवर कुणी ना कुणी पाठीवर ऊन घेऊन शेंगा सोलताना दिसतं. आमच्या घरी तर संक्रांत उलटून जाईपर्यंत मटाराशिवाय पान हलत नाही. पोह्यांत मटार, भातात मटार, उसळ, पराठे, शिवाय शेजारच्या मिश्रा भाभींनी शिकवलेला निमोना, म्हणजे वाटलेल्या मटाराची रस्साभाजी. आमची सून पुण्याची. पहिल्या हिवाळ्यात ती घाबरून म्हणाली होती की बाबा, चहात तरी नको ना घालायला सांगू.

यंदाही गाड्या आल्या. परवा सकाळी गच्चीवर चटई टाकली, पुढ्यात ढीग घेतला आणि सोलायला बसलो. ताजी शेंग अंगठ्यानं दाबली की टच्चकन फुटते. तो आवाज मला फार आवडतो. लहानपणी आई सोलायची तेव्हा मी शेजारी बसून नुसता तो आवाज ऐकायचो आणि मूठमूठ दाणे खायचो. परवा मी शेंग दाबली, ती उघडली, दाणे पातेल्यात पडले, पण ऐकू काहीच आलं नाही. दुसरी दाबली. तिसरी तर पार कानाशी नेऊन दाबली. माझी बायको वासंती समोरच बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी शेंगेला कीड लागली आहे का ते बघत असल्यासारखं केलं. ऐकू कमी यायला लागलं आहे, ही गोष्ट मी घरात बोललो नव्हतो आणि बोलायचा विचारही नव्हता.

आता ज्या बाईचा सगळा जन्म असल्याच गोष्टींत गेला, तिच्यापासून हे लपवायचं म्हणजे मांजरापासून दूध लपवायचं. पण पुरुषाची जात. आम्ही प्रयत्न करतो.

वासंतीची नोकरी लोकांना समजावून सांगणं मला कधी धड जमलं नाही. मी फॅक्टरीतला माणूस. आमच्याकडे कोण काय करतो हे एका शब्दात सांगता यायचं. फिटर म्हणजे फिटर. हिचं काम काय, तर शहराच्या कारभारात ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही किंवा ज्याला कचेरीची हिंदी कळत नाही, त्याचंही म्हणणं साहेबाच्या टेबलापर्यंत पोचलं पाहिजे आणि साहेबाचं त्याच्यापर्यंत. तिला बसायला मिळालं होतं जिन्याखालचं एक टेबल. तिथून तिनं कचेरीतल्या खिडक्यांची उंची कमी करून घेतली, कारण चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला कारकुनाचं नुसतं नाक दिसायचं. पाणी कधी येणार, कचरा कुठं टाकायचा, हे सांगणारी जी गाडी गल्लीतून फिरायची, तिची भाषा तिनं बदलून घेतली. आधी त्या भोंग्यातून असली हिंदी यायची की पंडितजीसुद्धा दारात उभे राहून विचार करायचे. हिनं ती सरळ बुंदेलीत आणली, आणि डोंगराकडच्या वस्त्यांसाठी गोंडीत. पहिल्या दिवशी भोंग्यातून आपली बोली ऐकून बायका हसत हसत बाहेर आल्या, आणि त्या दिवशी कचरा बरोबर जागी पडला.

तिला हे वेड कुठून लागलं ते मला ठाऊक आहे. माझी आई अमरावतीकडची. लग्न होऊन जबलपुरात आली, इथेच म्हातारी झाली, पण हिंदी तिच्या जिभेवर कधी बसली नाही. कचेरीत गेली की तिच्यापाशी एकच शब्द असायचा, अच्छा. कारकून म्हणायचा उद्या या, आई म्हणायची अच्छा. कारकून म्हणायचा यादीतून तुमचं नाव कापलं गेलंय, आई म्हणायची अच्छा. मग घरी येऊन पदराला हात पुसत सांगायची की झालं बावा काम, फार चांगला माणूस होता. वासंती नवी सून होती तेव्हा एकदा आईबरोबर गेली आणि हे सगळं बघून आली. त्या दिवशी ती माझ्याशी नीट बोलली नाही. कपड्यांच्या घड्या घालता घालता एवढंच म्हणाली की तुमच्या आईला लोक इतकी वर्षं विचारून नाही राहिले, नुसते सांगून राहिले. मी म्हटलं, चालतंच असं. तेव्हा मला त्यात विशेष काही दिसलं नव्हतं.

मी तिचा नमुना होतो. कुठलीही नवी सोय झाली की ती आधी माझ्यावर वापरून बघायची. कधी कानात कापसाचे बोळे घालून मला रांगेत उभं करायची, कधी डोळ्यांवर पट्टी बांधून फाटकापासून चालत यायला लावायची. एकदा मला चाकाच्या खुर्चीत बसवून नव्या उतारावरून वर ढकललं. उतार छान होता, कठडाही होता, पण वरच्या टोकाला शोभेसाठी कुणीतरी तुळशीची भलीमोठी कुंडी ठेवली होती. मी कुंडीसमोर येऊन थांबलो. ना पुढे, ना मागे. शिपायानं मला बघून नमस्कार केला, त्याला वाटलं काका तुळशीला पाया पडायला आलेत. मी चिडलो होतो, वासंतीला मात्र हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुंडी हलली.

तर मला आठवतो तो तिच्या नोकरीतला शेवटचा हिवाळा.

आमच्या कॉलनीच्या मोठ्या रस्त्याला एका बंद गोदामाची भिंत आहे. त्या भिंतीला टेकून गेंदाबाई बसायची. पनागरच्या बाजूच्या गावातली बाई, जन्मापासून ऐकू न येणारी, बोलता न येणारी. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बाकीचं वर्ष मेथी-मुळा विकायची, पण तिचं खरं पोट मटारावर होतं. तिच्या शेंगा पनागरच्या सगळ्या गाड्यांत उजव्या असायच्या, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

गेंदाबाईचं आणि माझं चांगलं जमायचं, याला कारण माझी फॅक्टरी. मी हॅमर शॉपमध्ये होतो. तिथे घण पडायला लागले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून आम्ही सगळे हातांनी बोलायचो. चहा आला, साहेब आला, थांब, पुन्हा मार, आज बायकोशी भांडून आलास काय, या सगळ्याला खुणा होत्या. त्या सवयीनं मी गेंदाबाईशीही हातानं बोलायचो. आमच्या अर्ध्या खुणा जुळायच्या, उरलेल्या अर्ध्यांवर आम्ही हसायचो. तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला खुणेचं नाव दिलं होतं. मी म्हणजे मिशीला पीळ. वासंती म्हणजे नाकावरचा चष्मा वर सरकवणं. मिश्रा भाभींची खूण मी इथे सांगत नाही, त्या हे वाचतील.

त्या वर्षी रस्त्याकडेच्या सगळ्या भाजीवाल्यांना एका नव्या शेडमध्ये हलवायचं ठरलं. शेड खरंच चांगली होती. वर पत्रे, खाली फरशी, पाण्याचा नळ. त्यात वासंतीनं वर्षभर खटपट करून एक नियम घालून घेतला होता, की दिव्यांग विक्रेत्यांना फाटकाजवळचे पहिले गाळे मिळतील. तेच गाळे सगळ्यांना हवे होते. तिनं कुणाचं ऐकलं नाही. गेंदाबाईला मिळाला फाटकाला लागून अगदी पहिला गाळा. मी वासंतीला त्या दिवशी जिलबी आणली होती.

गेंदाबाई एक दिवस त्या गाळ्यावर बसली. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून पुन्हा गोदामाच्या भिंतीशी. तिला समजावून परत आणलं, ती परत गेली. मग लोक बोलायला लागले. बाई हट्टी आहे, देवानं दिलेलं हिला पचत नाही, एवढा मोक्याचा गाळा सोडून धुळीत बसते. रस्त्यावर बसायला आता बंदी होणार होती. वासंतीच्या कचेरीतल्या साहेबांचं म्हणणं, संक्रांतीच्या आत रस्ता मोकळा झाला पाहिजे. त्यांनी सांगून टाकलं की गेंदाबाईनं सुनावणीत गाळा घेते असं सांगावं, नाहीतर तो दुसऱ्याला जाईल आणि रस्त्यावरची जागाही राहणार नाही. म्हणजे ऐन मटाराच्या दिवसांत बाई दोन्हीकडून जाणार. मला रात्रीचं जेवण गोड लागेना.

सुनावणीला मीही गेलो. सेवानिवृत्त माणसाला कोण अडवतं. गेंदाबाई धाकट्या दिराबरोबर आली होती, धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. वासंतीनं मूकबधिर मुलांच्या शाळेतल्या एका दीदींना दुभाषी म्हणून बोलावलं होतं. त्या समोर बसल्या आणि सुंदर, सराईत हातांनी बोलायला लागल्या. गेंदाबाई त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. कळणार कुठून, ती भाषा शाळेत शिकतात आणि ही कधी शाळेत गेली नव्हती. दीदी दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून थांबल्या आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या की आमचं जुळत नाही. तेवढ्यात दीर उठला. हात जोडून साहेबांना म्हणाला, "साब, इनकी तरफ से हम हओ कह रए हैं। लिख लो।"

साहेबांचा चेहरा उजळला. आमच्या जबलपूरचा हा हओ फार सोयीचा आहे. हो म्हणजे हओ, ऐकतोय म्हणजे हओ, सुटका करा म्हणजेही हओ. आता मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी मागच्या खुर्चीवरून उभा राहिलो आणि म्हणालो की मी विचारतो तिला, आमचं रोज बोलणं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गेंदाबाईनं मला पाहून मिशीला पीळ दिल्याची खूण केली, सगळे हसले, माझी छाती फुगली. मी पुढे निघालो तर वासंती मधे उभी.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग साहेबांकडे वळून हिंदीत सांगितलं की या बाईंना अजून कुणी काही विचारलेलंच नाही, तेव्हा उत्तर लिहिता येणार नाही. सुनावणी पुढे ढकला. साहेब म्हणाले, मॅडम, दिराने हो म्हटलंय, तुमचे मिस्टर विचारायला तयार आहेत, दुभाषीही आणली, आणखी काय करायचं राहिलं. ती म्हणाली, विचारायचं राहिलं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पुढची तारीख दिली, पण ती शेवटची, असं बजावून.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. भर सभेत बायकोनं बस म्हणावं, आणि तेही माझ्या हातखंडा विषयात. संध्याकाळी ती मटार सोलत बसली, मी पेपर उघडून बसलो. शेवटी तीच बोलली.

"तुमचं-तिचं जमते, मला का माहीत नाही? पण ते मटारापुरतं जमते. ती काय म्हणते याचा तुम्ही अंदाज बांधता, आणि चुकला तर दोघं हसता. तिथं चुकला असता तर हसणारं कोण होतं?"

मी म्हटलं की अंदाज माझा बरोबरच असता. तिनं विचारलं, काय आहे अंदाज? मी सांगितलं की गेंदाबाईला जुन्या जागेची सवय झाली आहे, गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते, बाकी काही नाही. समजूत घातली की येईल. वासंती म्हणाली, माझाही हाच अंदाज आहे, म्हणून तर मला भीती वाटते. मग बराच वेळ नुसत्या शेंगा फुटत राहिल्या. तेव्हा मला तो आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

नंतरचे दिवस ती कुठे कुठे फिरली. शेवटी तिला नफीसभाई सापडले. तिलवाऱ्याच्या बाजूला त्यांचं शिवणकामाचं छोटं दुकान. तेही जन्मापासून बहिरे, लहानपण खेड्यात घरच्या खुणांवर काढलेलं, मोठेपणी शहरात येऊन शाळेतली सांकेतिक भाषा शिकलेले. म्हणजे त्यांना दोन्हीकडचं कळणार. गेंदाबाईचं म्हणणं नफीसभाईंनी घ्यायचं, शाळेच्या भाषेत दीदींना द्यायचं, दीदींनी ते हिंदीत सांगायचं. मी म्हटलं, ही तर बैलगाडीतून उतरून टांगा, टांग्यातून उतरून रेल्वे. वासंती म्हणाली, पोचल्याशी मतलब.

नफीसभाईंनी पहिल्या दिवशी गेंदाबाईला काहीही विचारलं नाही. भिंतीशी तिच्या शेजारी बसले, शेंगा निवडू लागले. दुसऱ्या दिवशी स्वतःचा डबा घेऊन आले. ती कुणाला कशा खुणा करते, कुठे मान हलवते, कुठे नुसत्या भुवया उडवते, हे बघत राहिले. मी भाजीच्या निमित्तानं चकरा मारायचो. एकदा पाहिलं तर दोघांचे हात इतक्या वेगानं चालले होते की मला एकही खूण पकडता येईना. इतकी वर्षं मी तिच्याशी बोलत होतो, पण तिला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्याशी ती लहान मुलाशी बोलावं तसं हळू, सोपं बोलायची. मला जरा लाज वाटली आणि जरा मजाही.

दुसरी सुनावणी वासंतीनं कचेरीत होऊ दिली नाही. साहेबांना विनवून तिनं ती शेडमध्येच घेतली, सकाळच्या उन्हात. भाजीवाले आपापल्या गाळ्यांत, साहेबांना एक खुर्ची, नफीसभाई आणि दीदी समोरासमोर. साहेबांनी प्रश्न टाकला, हा गाळा का नको? दीदींकडून तो नफीसभाईंकडे गेला आणि त्यांनी गेंदाबाईला विचारला. ती उठली, वासंतीचा हात धरला आणि तिला नेऊन फाटकाजवळच्या पहिल्या गाळ्यात बसवलं.

त्या गाळ्यात बसलं की तोंड आत शेडकडे आणि पाठ फाटकाकडे होते. माल उतरवणारे टेम्पो तिथूनच मागे मागे येत आत शिरायचे. गेंदाबाई वासंतीच्या मागे गेली आणि जोरात टाळी वाजवली. वासंती दचकून वळली. गेंदाबाईनं तिच्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, आणि मान हलवली. तू वळलीस. मी वळणार नाही. हे समजायला मला दुभाषी लागला नाही, तिथे कुणालाच लागला नाही. नंतर ती शेडच्या पार टोकाला चालत गेली. तिथे कोपऱ्यात एक गाळा रिकामा होता. आत पडतो, गिऱ्हाईक पोचत नाही म्हणून तो कुणी घेतला नव्हता. मागे पक्की भिंत, आणि वरून दोन पत्र्यांच्या फटीतून समोरच्या माणसाच्या तोंडावर ऊन येत होतं. ती भिंतीला पाठ लावून बसली आणि हात चालवायला लागली. नफीसभाई बघत होते, दीदी नफीसभाईंकडे बघत होत्या, आणि आम्ही सगळे दीदींकडे.

"कह रही हैं, यहाँ से आदमी का मुँह दिखता है," दीदी म्हणाल्या. मग थांबून पुढचं सांगितलं, "कह रही हैं, दिया सबने। पूछा किसी ने नहीं।"

दीर पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. मी वासंतीकडे पाहिलं. पहिले गाळे देण्याचा नियम तिचा होता. पांगळ्या माणसासाठी, काठीवर चालणाऱ्यासाठी तो बरोबरही होता. तो मिळवायला ती वर्षभर किती पायऱ्या झिजवत होती ते मी पाहिलं होतं. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले, लोक तिच्या सत्काराच्या गोष्टी करत होते. ती गप्प बसली असती तरी कोपऱ्यातला गाळा गेंदाबाईला मिळालाच असता, आणि बाईचा हट्ट पुरवला म्हणून वासंतीचं कौतुकही झालं असतं.

ती पहिल्या गाळ्यातून उठली, चष्मा वर सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नियम मेरा बनाया हुआ था, साहब। गलत था। मैंने भी नहीं पूछा।"

दीदींनी ते हातांनी नफीसभाईंना सांगितलं, नफीसभाईंनी गेंदाबाईला. गेंदाबाईनं ते बघितलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. साहेबांनी वासंतीलाच विचारलं की आता नियम काय लिहू. ती म्हणाली, दिव्यांग विक्रेत्यांना आधी विचारायचं, त्यांनी निवडल्यावर मग बाकीच्यांनी. तसं झालं. मी माणसं पुष्कळ पाहिली, खुर्चीवरची आणि खुर्चीखालची. निवृत्तीच्या तोंडावर आपल्या हातानं आपलंच बांधलेलं उकलणारी हीच एक पाहिली. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला आणि जिलबी आणायचं मात्र सुचलं नाही.

गंमत म्हणजे हे मला माहीत होतं. हॅमर शॉपमध्ये आम्ही सगळे खांबाला नाहीतर भिंतीला पाठ लावून उभे राहायचो. मागून ट्रॉली येते, क्रेन येते, ऐकू तर काही येत नाही. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या खांद्याला धरून आम्ही त्याला वळवायचो आणि भिंतीकडे बोट दाखवायचो. उभा जन्म मी असा काढला आणि गेंदाबाई भिंत सोडत नाही तर म्हटलं, सवय झाली आहे. फॅक्टरीतलं शहाणपण असं फाटकातच राहून जातं.

त्यानंतर गेंदाबाईनं वासंतीची खूण बदलली. चष्म्याची खूण गेली. आता ती उजवा तळवा उघडा धरून भुवया वर करते, म्हणजे विचारणारी. मी एकटा भाजीला गेलो की लांबूनच तशी खूण करून माझ्याकडे बघते, म्हणजे आज ती कुठे आहे? माझी मिशी पांढरी झाली तरी मी अजून मिशीच आहे.

परवा गच्चीवरचा तो प्रकार झाला त्याच दिवशी दुपारी मी शेंगा आणायला शेडमध्ये गेलो. फाटकातून आत शिरलो, पहिल्या गाळ्यापाशी थांबलो, आणि कुणीतरी माझी बाही धरून मला एवढ्या जोरात ओढलं की पिशवी हातातून पडली. गेंदाबाई होती. माझ्या पाठीला जवळजवळ लागून एक टेम्पो मागे येत होता. ड्रायव्हर तोंड बाहेर काढून काहीतरी बोलत होता, हॉर्नवरचा हात त्यानं अजून काढला नव्हता. ती तिच्या कोपऱ्यातल्या गाळ्यातून मला बघून धावत आली होती. तिनं आधी पिशवी उचलून दिली. मग स्वतःच्या कानाला हात लावला, माझ्याकडे बोट केलं आणि भुवया उडवल्या. मी मान हलवून नाही म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला फसवणं अवघड आहे, ती तोंडच वाचते. मी शेंगा घेतल्या आणि मूग गिळून घरी आलो.

घरी मी वासंतीला काही सांगितलं नाही. बैठकीत माझी वेताची खुर्ची आहे, दाराकडे पाठ केलेली, टीव्हीकडे तोंड. तिथे बसून मी पेपर वाचत होतो. मागून कोण आलं, कोण गेलं, हल्ली मला कळत नाही. खांद्यावर हात पडला की दचकतो आणि मग खोकून वेळ मारून नेतो. तेवढ्यात वासंती मागून न येता पार वळसा घालून समोर आली. खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली. मग लक्षात आलं, कित्येक दिवस ती अशीच येते आहे. चहा द्यायला समोरून, हाक मारायला समोरून. मला वाटायचं, म्हातारपणी प्रेम वाढलं असेल.

तिनं मला उठायची खूण केली. मी उठलो. तिनं खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध आणली आणि सोडून दिली. मला वाटलं, आता वासंती ती कुठेतरी नेऊन ठेवील. घरात कुठलीही वस्तू कुठे ठेवायची हे चाळीसेक वर्षं तिनंच ठरवलं आहे. पण ती थांबून राहिली. मग तळवा उघडा धरला, भुवया वर केल्या आणि हळू, स्पष्ट म्हणाली, "मी विचारून राहिली. कुठं बसणार तुम्ही?"

"अच्छा," मी म्हटलं. "ठेव कुठंही."

बोललो आणि मला माझी आई आठवली, कचेरीतून पदराला हात पुसत परत येणारी. वासंती तळवा तसाच धरून उभी राहिली. ती किती वेळ उभी राहू शकते ते मी त्या साहेबांच्या समोर पाहिलं होतं.

मी खुर्चीची पाठ धरली, ओढत कोपऱ्यात नेली आणि भिंतीला टेकवून बसलो. तिथून दार दिसत होतं, खिडकी दिसत होती, आणि तिचं तोंड दिसत होतं.

"इथं," मी म्हटलं. "कमी ऐकू येऊन राहिलं मला आजकाल."

तिनं तळवा खाली घेतला. स्वयंपाकघरातून परात आणली, शेंगा घेतल्या आणि माझ्यासमोर उजेडात येऊन बसली.